गाडी लेव्हलवर ठेवा

"पुन्हा सुरू झाला," सुखदेवकाका म्हणाले. गाडीची चावी त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली आणि समोरच्या स्टुलावर बसले.

काय सुरू झालं, हे विचारायची गरज नव्हती. गेटपासून शेडपर्यंत निळसर धुराचा पट्टा तरंगत होता. शेजारच्या वेल्डिंगवाल्याने नाकाला रुमाल लावला होता. वेल्डिंगवाला धुराला नाक मुरडतो, म्हणजे धूर किती असेल याचा अंदाज करा.

खामगावात माझं गॅरेज आहे. त्याआधी बरीच वर्षं मी एका वर्कशॉपमध्ये फोरमन होतो. आमच्याकडे मुख्य काम इंजिन ओव्हरहॉलचं. म्हणजे थकलेलं इंजिन गाडीतून खाली उतरवायचं, पूर्ण खोलायचं, झिजलेले भाग बदलायचे आणि परत बांधायचं. यात आम्हा दोघांची वाटणी ठरलेली आहे. इंजिन सलीमभाई बांधतो आणि गिऱ्हाइकाशी मी बोलतो. सलीमभाई माझ्याआधीपासून या धंद्यात आहे. त्याला बोलायचा कंटाळा आणि मला बोलल्याशिवाय करमत नाही, त्यामुळे आमचं छान जमतं.

काकांच्या गाडीचं इंजिन त्यानेच बांधलं होतं. अजून महिनाही झाला नव्हता. त्यामुळे 'पुन्हा सुरू झाला' हे शब्द ऐकले तेव्हा सलीमभाईच्या हातातला पाना थांबला. मागे वळून न बघता तो तसाच उभा राहिला.

काका पिंपळगाव राजाचे. भाजीपाल्याची शेती, वांगी, मिरची, थोडा कांदा. गाडी छोटी, पांढरी, पेट्रोलवरची. त्यांची मुलगी अश्विनी शाळेत जायला लागली त्या सुमारास घेतलेली. त्याच गाडीत ती शिकायला गेली आणि लग्न झाल्यावर त्याच गाडीत बसून जळगावला सासरी गेली. गाडी एव्हाना पार थकली होती. काकांनी ती एवढा खर्च करून नव्याने बांधून घेतली, त्याला कारण एकच. अश्विनीला दिवस गेले होते.

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्यात मुलीला घेऊन यायचं, कारण आठवा लागला की गर्भारणीला प्रवास करू देत नाहीत. इथपर्यंत सरळ आहे. पण अश्विनीच्या सासूबाईंचं मत वेगळं होतं. त्यांचं म्हणणं, जळगावात दवाखाने मोठे आहेत, बाळंतपण इथेच करू. वर त्यांनी हेही सांगून टाकलं होतं की भाड्याच्या गाडीत, अनोळखी ड्रायव्हरबरोबर सून पाठवणार नाही. बापाची गाडी धड असेल तर खुशाल न्या. काकांची जुनी गाडी त्यांनी लग्नात पाहिली होती, तेव्हा असं बोलायला त्यांचं काही जात नव्हतं.

आणि आता ती नवी बांधलेली गाडी निळा धूर सोडत माझ्या दारात उभी होती. वार गुरुवार. रविवारी अश्विनीला आणायला जायचं ठरलं होतं. पुढच्या आठवड्यात तिला आठवा लागत होता.

"अरुणभाऊ, खरं सांगा," काका म्हणाले. "इंजिन खोला लागन का?"

"अगुदर पाहू तं द्या, काका."

"गावात सारे म्हनून राह्यले, रिंगा उलट्या बसवल्या म्हनून."

सलीमभाई वळला. मी इतक्या वर्षांत त्याला गिऱ्हाइकावर आवाज चढवताना पाहिलेलं नाही आणि त्या दिवशीही त्याने चढवला नाही. फक्त म्हणाला, "काका, रिंगा मी माह्या हातानं बसवल्या. एकेक पाहून बसवली. पन तुमचा भरोसा नसन तं आत्ता खोलतो, तुमच्या समोर. पैसा नोको."

मलाही वाईट वाटलं. खोलणं सोपं आहे हो, पण इंजिन खोललं की आठवड्याच्या आत गाडी बाहेर येत नाही. काही भाग मशीनवर पाठवावे लागतात, तिथे रांग असते. म्हणजे रविवार गेला, सातवा गेला आणि सासूबाई जिंकल्या.

आता जरा धुराबद्दल. सायलेन्सरमधून येणाऱ्या धुराचा रंग डॉक्टरच्या थर्मामीटरसारखा असतो. पांढरा धूर येत राहिला तर आत पाणी जातंय. काळा आला तर पेट्रोल गरजेपेक्षा जास्त जळतंय. निळा आला तर ऑइल जळतंय. पेट्रोल जळण्यासाठीच असतं. ऑइल मात्र फिरणाऱ्या भागांना वंगण म्हणून असतं, त्याने जळायचं नसतं. ते खाली ऑइलच्या टाकीत राहावं आणि वर जिथे पेट्रोल जळतं तिथे चढू नये, यासाठी पिस्टनला रिंगा असतात. म्हणून नव्या इंजिनातून निळा धूर आला की सगळा गाव रिंगांकडे बोट दाखवतो. गावाचं फार चुकतं असंही नाही.

या धुराची ही दुसरी खेप. पहिल्यांदा काका आले होते गाडी दिल्यानंतर थोड्याच दिवसांनी. तेव्हा आम्ही फारसं मनावर घेतलं नाही. इंजिन बांधताना आतल्या भागांना ऑइल चोपडलेलं असतं, ते जळेपर्यंत थोडा धूर येतोच. नाहीतरी नव्या इंजिनाचं पहिलं ऑइल लवकर बदलायचंच असतं. सलीमभाईने गरम इंजिनातलं ऑइल खाली ट्रेमध्ये सोडलं, दोन बोटांत चोळून पाहिलं, धातूचा कीस नाही म्हणून समाधानाने मान हलवली. नवं ऑइल मापाने भरलं. गाडी थोडी फिरवली. संध्याकाळपर्यंत धूर बंद. काका खुशीत घरी गेले.

आणि आता हे.

मी काकांना म्हटलं, "चला, एक चक्कर मारून येऊ. तुमी चालवा, मी पाह्यतो."

धूर कधी येतो, हे किती येतो यापेक्षा महत्त्वाचं असतं. सकाळी चालू करताना भपकन येऊन गेला तर व्हॉल्व्हची रबरी सीलं. चढावर ओढताना आला तर रिंगा. उतारावर पाय उचलल्यावर आला तर व्हॉल्व्हचे गाइड. आम्ही नांदुऱ्याच्या रस्त्याला लागलो. मी मागच्या काचेतून बघत बसलो होतो. गाडी ओढताना धूर, पाय उचलल्यावर धूर, सिग्नलला उभी असतानाही धूर. जोरात चालवली की जास्त.

"समजलं काई?" काकांनी विचारलं.

"हाव. काईच समजलं नाई, हे समजलं."

काका हसले. त्या दिवसातलं पहिलं हसू.

परत येऊन सलीमभाईने चारही स्पार्क प्लग काढले. एका सिलिंडरच्या रिंगा बिघडल्या असत्या तर त्याचाच प्लग ऑइलने माखलेला दिसला असता. इथे चारही प्लग सारखेच ओले. चारही भाऊ एकाच दिवशी आजारी पडले तर दोष भावांत नसतो, आदल्या रात्रीच्या जेवणात असतो. हे वाक्य मी सलीमभाईला ऐकवलं. त्याने लक्ष दिलं नाही. तो कॉम्प्रेशन गेज लावत होता.

कॉम्प्रेशन म्हणजे पिस्टन वर येताना हवा किती दाबतो ते. रिंगा नीट बसल्या नसतील तर हवा निसटते आणि गेजचा काटा खाली राहतो. मी चावी फिरवली. पहिला सिलिंडर, काटा जिथे हवा तिथे. दुसरा, तिथेच. तिसरा, चौथा, काटा तसूभर इकडे नाही की तिकडे नाही. सलीमभाईने गेज काकांच्या डोळ्यांसमोर धरलं.

"पाह्यलं? अशा असतात का उलट्या रिंगा?"

"मले काय समजते त्याच्यातलं," काका म्हणाले. "पन काटा चांगला उभा राह्यला बाप्पा."

आता माझाही जीव जरा भांड्यात पडला. रिंगा ठणठणीत, म्हणजे इंजिन खोलायचं नाही. पण ऑइल वर जातंय हे नक्की. मग ते जातंय कुठून?

मी एअर फिल्टरचं झाकण उघडलं. फिल्टर म्हणजे इंजिनात जाणारी हवा गाळणारा कागद. तो कोरडा असतो, धुळीने मळका असतो. हा मात्र भज्यांखालच्या पेपरासारखा तेलकट झाला होता. इंजिनाला श्वास सोडायला एक नळी असते, ब्रीदर म्हणतात तिला. आतली वाफ त्या नळीतून फिल्टरपाशी येते आणि हवेबरोबर पुन्हा जळायला जाते. वाफेऐवजी तिथून ऑइलच येत होतं. आता चारही प्लग सारखेच ओले का, त्याचा उलगडा झाला. फिल्टरमधून चौघांनाही सारखंच वाढलं जात होतं.

"भाऊ," सलीमभाई हळूच म्हणाला, "पट्टी काढा."

पट्टी म्हणजे डिपस्टिक. इंजिनातलं ऑइल मोजायची लांब सळई. तिच्यावर दोन खुणा असतात. खालच्या खुणेपेक्षा ऑइल कमी नको, वरच्यापेक्षा जास्त नको. मी पट्टी ओढली, पुसली, पुन्हा घातली, पुन्हा ओढली. ऑइल वरच्या खुणेच्या वर, चांगलं दोन बोटं वर होतं.

आता जास्त ऑइलने काय बिघडतं, असं तुम्ही म्हणाल. चांगल्या वस्तूचं जास्त झालं तर काय वाईट? पण इंजिनाच्या खालच्या भागात एक जड दांडा गरगर फिरत असतो, क्रँक. ऑइल त्याच्या खाली असावं लागतं. ऑइल वर चढलं की क्रँक त्यात बुडतो आणि रवीने ताक घुसळावं तसं घुसळायला लागतो. फेस होतो. फेस नळीत चढतो, नळीतून फिल्टरमध्ये, फिल्टरमधून जळायला, आणि मागे निळा धूर.

मी मोठ्या आनंदाने काकांकडे वळलो. रोग सापडला की माझा आवाज आपोआप वाढतो. "काका! ऑइल कोन टाकते?"

"मीच टाकतो."

"काऊन?"

"कमी असते म्हनून. तुमीच सांगतलं होतं, रोज सकायी पाह्यजा. पाह्यतो. कमी दिसलं का टाकतो."

"कमी? काका, हे पाहा. दोन बोटं जास्त हाय!"

काकांनी पट्टी हातात घेतली. चष्मा वर केला, खाली केला. त्यांचा चेहरा खरोखर गोंधळला होता. "इथं जास्त दिसून राह्यलं. पन घरी कमीच असते. खालच्या खुनेपाशी."

"डोयानं नीट दिसते ना?"

एवढं बोललो आणि चुकलोच. काका ताठ झाले. त्यांनी खिशातून मोबाइल काढला, घरी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. "ऐकलं का, या अरुणभाऊले सांग, सकायी पट्टी कुठी असते."

पलीकडून काकूंचा आवाज आला, खणखणीत. "कुठी म्हंजे? खालीच असते! म्या सोता पाह्यली हाय. त्यायले म्हना, डोये दोघायचे मिळून चार हायेत आमचे. आन् माही पोरगी रविवारी आली पायजे, मंग इंजिन बसवा का काई बी बसवा."

फोन बंद झाला. वेल्डिंगवाल्याने काम थांबवलं होतं. तोही आता ऐकायला उभा होता.

मग मला शंका आली की पट्टीच चुकीची असेल. गॅरेजात कधीकधी होतं असं. दुसऱ्या गाडीची पट्टी घाईत याच्यात जाते, जराशी लांब-आखूड असते आणि मग ती खोटंच सांगत राहते. सलीमभाईने सगळं ऑइल काढलं. या वेळी ट्रेमध्ये न सोडता मापाच्या कॅनमध्ये धरलं. मापापेक्षा लिटरभर जास्त निघालं. मग बरोबर मापाने भरलं, थोडं थांबलो, पट्टी ओढली. ऑइल अगदी वरच्या खुणेला टेकलेलं. म्हणजे पट्टी याच इंजिनाची आणि शब्दाची पक्की.

सलीमभाईने हात पुसत पंचांसारखा निवाडा दिला. "काका झूट नाई बोलत. काकू झूट नाई बोलत. पट्टी बी झूट नाई बोलत. भाऊ, तुमी गावाले जाऊन या."

हे मला पटलं. फिल्टर बदलला, प्लग पुसून बसवले आणि काकांच्या शेजारी बसून निघालो. पहिले काही किलोमीटर धूर येत राहिला. सायलेन्सरमध्ये साठलेलं ऑइल जळून जायला वेळ लागतो. पिंपळगाव राजाच्या अलीकडे मी मागे पाहिलं तर रस्ता स्वच्छ होता. मागून येणारा एक मोटारसायकलवाला तोंड न झाकता चालला होता. पण मागच्या खेपेलाही काका असेच स्वच्छ घरी गेले होते, म्हणून मी हुरळून गेलो नाही.

काकांचं घर गावाच्या कडेला, शेताला लागून आहे. पुढे मोठं अंगण. काकांनी गाडी गेटातून आत घेतली, सराईत हाताने वळवली आणि रिव्हर्समध्ये मागे घेत घेत गोठ्याच्या भिंतीला पाठ लावून उभी केली. तोंड गेटाकडे. खाली उतरून त्यांनी एक धोंडा पायाने सरकवत पुढच्या चाकाला लावला. "या, जेवून घ्या अगुदर."

मी उतरलो नाही. मला काहीतरी वेगळंच जाणवत होतं. मी सीटवर बसलो होतो आणि हळूहळू पुढे घसरत होतो.

"काका, गाडी रोज इथंच लावता?"

"हाव."

"अशीच? तोंड खाली, पाठ वर?"

"तं कशी लावू? सकायी धक्का कोन देईन?"

मी डोक्याला हात लावला. आपल्या भागात हे सगळ्यांना माहीत आहे. जुन्या गाडीची बॅटरी मरते, स्टार्टर दगा देतो. मग माणूस गाडी उतारावर लावतो. सकाळी धोंडा काढायचा, गिअर टाकायचा, क्लच दाबून गाडी घरंगळू द्यायची आणि वेग आला की क्लच सोडायचा. गाडी चालू. कितीतरी घरांत ट्रॅक्टर अजून असाच लावतात. काकांचं जुनं इंजिन शेवटची काही वर्षं दुसऱ्या कशाने चालूच होत नव्हतं. आता नवं इंजिन, नवी बॅटरी. चावी फिरवली की गाडी बोलायला लागते. पण हाताला लागलेली सवय कुठली बदलायला! काका वळवून, पाठ लावून, धोंडा टाकून मोकळे होत होते.

काकू बाहेर आल्या. हातात पाण्याचा तांब्या, कपाळावर आठ्या. मी आधी नमस्कार केला, मग पाणी प्यालो आणि मग त्यांच्यासमोरच पट्टी ओढली. ऑइल पार खाली उतरलेलं. खालच्या खुणेपाशी.

"पाह्यलं?" काकू म्हणाल्या. "म्या सांगतलंच होतं. आता टाका ऑइल."

"काकू, थेंबभर बी टाकाचं नाई."

गाडी बाहेर सिमेंटच्या सपाट रस्त्यावर नेऊन उभी केली आणि आम्ही जेवायला बसलो. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, ठेचा, वाटीत वरण. ठेचा असा होता की दोन घास मी काही बोललोच नाही. आतल्या खोलीला नवा रंग दिलेला दिसत होता. कोपऱ्यात लाकडी पाळणा, त्यावर जुनी साडी झाकलेली. काकूंनी माझी नजर पाहिली. "डिंक आनून ठेवला, मेथ्या आनून ठेवल्या, पायना धुवून ठेवला," त्या म्हणाल्या. "इहीनबाईचा फोन आला होता सकायी. गाडीचं कसं काय, म्हने. काय सांगू मी त्यायले?"

मी माझी वरणाची वाटी उचलली. एका बाजूने कलती धरली. "काकू, वरन किती हाय?"

"का माय, अजून वाढू?"

"नाई. इकडून पाहा, काठापर्यंत. तिकडून पाहा, बूड दिसून राह्यलं. वरन तेवढंच हाय."

काकू वाटीकडे बघत राहिल्या. या इंजिनात पट्टी मागच्या अंगाने खाली उतरते. गाडीचं तोंड खाली असलं की ऑइल पुढे पळतं आणि पट्टीच्या वाट्याला बूड येतं. काका ते काठापर्यंत भरत होते, आणि जास्तीचं जळून कमी झालं की पुन्हा भरत होते. जेवण झाल्यावर आम्ही तिघं रस्त्यावर गेलो. मी पट्टी काकूंच्याच हातात दिली. त्यांनी पदराने पुसली, घातली, ओढली. ऑइल वरच्या खुणेला बरोबर टेकलेलं.

"अवं माय!" काकूंनी तोंडावर हात ठेवला. मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "गाडीले तेल पाजून पाजून मारलं असतं ना तुमी!"

आता माझी पाळी होती. मला जरा चेव चढला. "काका, गाडी देताना मी तुमाले काय सांगतलं होतं? रोज सकायी ऑइल पाह्यजा, आन् गाडी लेव्हलवर ठेवजा. म्हनलं होतं का नाई?"

"हाव, म्हनलं होतं."

"मंग?"

"मंग काय? लेव्हलवरच तं ठेवत होतो!" काकांनी पट्टी काकूंच्या हातून घेतली आणि वरच्या खुणेवर नख ठेवलं. "ही लेव्हल. इथपरेंत आनून ठेवत होतो. एक दिवस चुकलो नाई. लग्नात गेल्तो भावाच्या घरी, तवाबी हिले सांगून गेलो, गाडी लेव्हलवर ठेवजो."

आमच्या गॅरेजात लेव्हल म्हणजे सपाट जागा. आमच्याच गॅरेजात लेव्हल म्हणजे ऑइलची खूण. दिवसातून दहा वेळा आम्ही दोन्ही अर्थांनी तो शब्द वापरतो आणि आमचा कधी घोटाळा होत नाही.

"काका, शेत लेव्हल करता ना तुमी?" मी शेवटचा प्रयत्न केला.

"करतो ना. पन शेताची गोष्ट येगयी. तुमी गाडीचं सांगून राह्यले होते."

मी सलीमभाईला फोन लावला आणि सगळं सांगितलं. मग तो हसायला लागला, हसता हसता त्याला ठसका लागला आणि फोन वेल्डिंगवाल्याने घेतला. मग त्यालाही सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं.

रविवारी गॅरेज बंद असतं. तरी दुपारी मी शटर अर्धं उघडून बसलो होतो. काका येताना थांबणार आहेत, असं फोनवर ठरलं होतं. सलीमभाई माझ्याही आधी आला होता. दाढी केलेली, इस्त्रीचा सदरा, हातात घडी केलेला पांढरा रुमाल. कशाला आलास, असं मी विचारलं. "असाच," तो म्हणाला.

गाडी आली. मागच्या सीटवर उशा लावून अश्विनी बसली होती, शेजारी काकू. सलीमभाईने कुणाला रामराम केला नाही. सरळ गाडीच्या मागे गेला, चालू इंजिनावर सायलेन्सरच्या तोंडाशी रुमाल धरला आणि काकांना म्हणाला, "जरा रेस करा." काकांनी केली. सलीमभाईने रुमाल उलगडून पाहिला. पुन्हा पाहिला. मग तो सगळ्यांना दिसेल असा दोन्ही हातांनी पसरून धरला. पांढराच्या पांढरा. त्याचे डोळे भरून आले होते, आणि ते धुराने नक्कीच नव्हते.

अश्विनी काचेतून बघून हसायला लागली. "सलीमकाका, अगदी असंच तिथे सासूबाईंनी केलं. मला बसूच देईनात. गाडीच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. बाबांना म्हणाल्या, जोरात करा. बाबांनी केलं. अजून जोरात, म्हणाल्या. धूर काही आला नाही. मग मला म्हणाल्या, जा बाई, नीट जा."

"जा बाई म्हनल्या," काकूंनी पुन्हा एकदा सांगितलं. ते शब्द त्यांना फार आवडलेले दिसले. आणि त्यांनी अश्विनीच्या पायावरची शाल सारखी केली.

काकांनी घरी जाऊन एक काम केलं. ट्रॉलीभर मुरूम आणून अंगण सपाट करून टाकलं. मी म्हटलं, रस्त्यावर उभी करून ऑइल पाहिलं असतं तरी चाललं असतं की. ते म्हणाले, गाडीसाठी केलं, पण आता अश्विनी रोज संध्याकाळी तिथेच फेऱ्या मारते, डॉक्टरने चालायला सांगितलंय. उतारावर पोटुश्या बाईचा पाय घसरतो, हे त्यांच्या आधी ध्यानात आलं नव्हतं. पुढे यथावकाश मुलगी झाली. पेढे गॅरेजात आले. वेल्डिंगवाल्याने दोन घेतले.

तेव्हापासून गाडी देताना मी लेव्हल हा शब्द काढत नाही. 'सपाट जागेवर उभी करा आणि मग खूण पाहा' असं म्हणतो, आणि वर विचारतो, गाडी घरी कुठे उभी राहते? एका गिऱ्हाइकाने संशयाने विचारलं, "काऊन बे, चोरून न्याची हाय का?" विचारू द्या. इंजिन खोललं की दर वेळी नवं पॅकिंग लागतं. माणसाला खोललं तर फार तर एक चहा लागतो.